सांधा जुळला पाहिजे: हार्डवेअर सिंथसाठी स्वतःची वेव्हफॉर्म घडवणं आणि ती आत चढवणं

सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, डिजिटल ऑसिलेटर म्हणजे लहरीचा एकच छोटा तुकडा न थकता पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. ४४० हर्ट्झचा स्वर धरून ठेवलात, तर तो तुकडा सेकंदाला ४४० वेळा वाजतो. तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठे एक बारीक टिकटिक राहिली, तर ती ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तीच टिकटिक सेकंदाला ४४० वेळा येते, आणि मग ती टिकटिक राहतच नाही. आवाजाचाच भाग होऊन बसते. कर्कशपणा नेमका कुठून येतोय हे शोधून सापडत नाही.

म्हणून स्वतःची वेव्हफॉर्म, म्हणजे लहरीचा हा तुकडा, बनवताना माझा निम्म्याहून जास्त वेळ एकाच ठिकाणी जातो: तुकडा संपतो आणि पुन्हा सुरू होतो त्या सांध्यावर. चित्र सुंदर काढलंय की आवाज सुरेख रेकॉर्ड केलाय, हे नंतर बघता येतं. सांधा नीट जुळलेली साधीशी लहरही सिंथच्या फिल्टरमधून गेल्यावर जिवंत वाटते. सांधा चुकलेली लहर कितीही वेगळी असली तरी फार वेळ ऐकवत नाही.

दोन शब्द आधी ठरवून घेऊ. ‘सॅम्पल’ हा शब्द रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही वापरतात आणि त्यातल्या एकेका आकड्यालाही. गोंधळ नको म्हणून इथे एकेका आकड्याला मी बिंदू म्हणेन, आणि लहरीच्या एका पूर्ण फेरीला आवर्तन.

तुमचा सिंथ नेमकं काय घेतो?

संगणक उघडण्याआधी मॅन्युअल उघडा आणि चार आकडे कागदावर लिहून काढा: एका आवर्तनात किती बिंदू, एका वेव्हटेबलमध्ये (आवर्तनांच्या रांगेत) किती आवर्तनं, सॅम्पल रेट (सेकंदाला बिंदू) किती आणि प्रत्येक बिंदू किती बिटचा. पुढचं सगळं काम या चार आकड्यांवर उभं आहे.

सगळेच सिंथ बाहेरची लहर घेत नाहीत. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा प्रश्नच येत नाही, पण डिजिटल असून लहरी बदलता न येणारे सिंथही भरपूर आहेत. १९८५च्या कॉर्ग डीडब्ल्यू-८००० मध्ये सोळा लहरी रॉम चिपमध्ये कोरलेल्या आहेत, म्हणजे चिप बदलल्याशिवाय त्या बदलत नाहीत. त्याच काळातल्या काही यंत्रांनी मात्र दार उघडं ठेवलं होतं. १९८६च्या प्रॉफेट व्हीएसमध्ये ९६ लहरी कायमच्या आहेत आणि ३२ जागा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या, प्रत्येक लहर १२८ बिंदूंची. त्याच वर्षी आलेल्या कवाई के३ मध्ये हार्मोनिकांची, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या घटक-स्वरांची, पातळी ठरवून स्वतःची एक लहर बनवता येते. त्याही आधी, १९७९च्या फेअरलाइट सीएमआयमध्ये पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने लहर रेखाटता यायची. थोडक्यात, ही हौस नवी नाही.

आजच्या यंत्रांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट सॅम्पलरसारखा, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्रासारखा, वागणाऱ्यांचा. उदाहरणार्थ एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट: एका आवर्तनाची वेव्ह फाइल टाका, लूप चालू करा, झाला ऑसिलेटर. दुसरा गट कंपनीच्या किंवा ठरावीक सॉफ्टवेअरमधून वेव्हटेबल घेणाऱ्यांचा. आर्टुरिया मायक्रोफ्रीक मिडी कंट्रोल सेंटरमधून घेतो, कॉर्ग मॉडवेव्हचंही वेगळं सॉफ्टवेअर आहे. मॉड्युलरमधले (सुटे भाग जोडून बनणाऱ्या सिंथमधले) सिंथेसिस टेक्नॉलॉजीचे ई३५२ आणि ई३७० वेव्हएडिट या मोफत सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल वाचतात. तिसरा गट सिस-एक्स संदेशांमधून, म्हणजे मिडी या वाद्यांच्या जोडणीवरून जाणाऱ्या यंत्रविशिष्ट संदेशांमधून, लहर स्वीकारणाऱ्यांचा. वाल्डॉर्फ ब्लोफेल्ड हे त्याचं ठळक उदाहरण.

बिंदूंची संख्या प्रत्येकाची वेगळी. ब्लोफेल्ड १२८ बिंदूंची ६४ आवर्तनं घेतो. वेव्हएडिटची फाइल २५६ बिंदूंच्या ६४ आवर्तनांची असते. सिरम या सॉफ्टवेअर सिंथमुळे रूढ झालेल्या फाइलीत प्रत्येक आवर्तन २०४८ बिंदूंचं असतं आणि आवर्तनं जास्तीत जास्त २५६. इंटरनेटवर मिळणारी वेव्हटेबल बहुतेक या शेवटच्या प्रकारातली असतात, आणि तिथेच पहिली ठेच लागते. २५६ बिंदूंचं आवर्तन मोजणाऱ्या यंत्रात २०४८ ची फाइल घातलीत, तर एका लहरीचे आठ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र लहर म्हणून वाजतो. सगळा खरखराट. उलट केलंत, तर एका लहरीत आठ आवर्तनं बसतात आणि स्वर थेट तीन सप्तकं वर जातो. तीन सप्तकं वर वाजणारी लहर ऐकू आली, तर दुसरं काही न शोधता बिंदूंची संख्या तपासा.

लांबी आणि स्वर यांचं गणित

खरा वेव्हटेबल सिंथ बिंदूंची संख्या स्वतः सांभाळतो. तुम्ही कोणताही स्वर दाबा, तो त्या वेगाने आवर्तन फिरवतो. सॅम्पलर गटात मात्र हे गणित तुम्हालाच करावं लागतं. सॅम्पल रेटला बिंदूंच्या संख्येने भागा, की मूळ स्वराची कंपनसंख्या मिळते.

एकेका आवर्तनाच्या लहरींचा एक खूप वापरला जाणारा मोफत संग्रह आहे, अ‍ॅडव्हेंचर किडचा. त्यातल्या लहरी ६०० बिंदूंच्या आहेत. ४४,१०० भागिले ६००, म्हणजे ७३.५ हर्ट्झ. डी २ हा स्वर ७३.४२ हर्ट्झचा, म्हणजे फरक दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सॅम्पलरमध्ये मूळ स्वर डी २ ठेवला की काम झालं. (इथे मधला सी म्हणजे सी ४ धरला आहे. काही कंपन्या त्यालाच सी ३ म्हणतात, त्यामुळे एका सप्तकाचा फरक दिसला तर घाबरू नका.)

आता हीच फाइल ४८,००० वर चालणाऱ्या यंत्रात टाका. पाठवताना सॉफ्टवेअर तिचा रेट बदलतं आणि ६०० चे ६५३.०६ बिंदू होतात. शून्य पूर्णांक शून्य सहा बिंदू तर फाइलीत ठेवता येत नाहीत! मग ते पूर्ण आकड्यावर येतं आणि सांध्यावर एक सूक्ष्म धक्का शिल्लक राहतो. डिजिटॅक्टसाठी लहर बनवायची तर ती सुरुवातीपासूनच ४८,००० वर बनवा. ७३४ बिंदू घेतले तर ६५.४० हर्ट्झ, म्हणजे सी २ जवळजवळ तंतोतंत. ४४,१०० वर तोच सी २ हवा असेल, तर ६७४ बिंदू.

लांबीचा दुसरा परिणाम आवाजाच्या झळाळीवर होतो. एका आवर्तनात जितके बिंदू, त्याच्या निम्म्याहून कमी हार्मोनिक त्यात मावतात. १२८ बिंदूंमध्ये ६३, २५६ मध्ये १२७. ५५ हर्ट्झचा खर्जातला स्वर १२८ बिंदूंच्या लहरीवर वाजवलात, तर सगळ्यात वरचा हार्मोनिक ३,४६५ हर्ट्झवर संपतो. त्यापुढे लहरीतलं काहीच नाही. जुन्या यंत्रांचा खर्जातला मऊ, किंचित बंद आवाज येतो त्यामागचं एक कारण हेही आहे. मला तो आवडतो, पण झगझगीत बेस हवा असेल तर अशा यंत्राकडून तो मागू नका.

लहर येते कुठून

हाताने रेखाटणं हा सगळ्यात मोहाचा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात कमी फळ देणारा. डोळ्याला जे वेगळं दिसतं ते कानाला वेगळं लागतंच असं नाही. हात थरथरला की वरच्या हार्मोनिकांचा कचरा भरतो आणि बहुतेक चित्रं शेवटी एकाच प्रकारचा गुणगुणता, कडक आवाज देतात. करून बघा, पण त्यावर थांबू नका.

हार्मोनिक मोजून टाकणं जास्त समजून-उमजून होतं. वेव्हएडिटमध्ये लहरीच्या चित्राखाली हार्मोनिकांचे उभे दांडे असतात. ते वरखाली करा आणि ऐका. करवती लहरीत प्रत्येक हार्मोनिकाची पातळी त्याच्या क्रमांकाने भागलेली असते: पहिला १, दुसरा अर्धा, तिसरा एक तृतीयांश. चौकोनी लहरीत त्यातले फक्त विषम. हॅमंड ऑर्गनचे नऊ ड्रॉबार डावीकडून उजवीकडे १, ३, २, ४, ६, ८, १०, १२, १६ या हार्मोनिकांवर बसतात. तेवढेच दांडे उचललेत तर ऑर्गनची लहर हातात येते. मग एखादा परका हार्मोनिक, समजा ११ वा, थोडासा वाढवा. आवाजात धातूची छटा येते. पाचवा आणि नववा वाढवून चौथा पूर्ण काढून टाका, ऐका, परत ठेवा. तासभर असं खेळलं की कोणता हार्मोनिक काय करतो हे कानात बसतं, आणि ते ज्ञान पुढे प्रत्येक सिंथवर कामी येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चौकोनी लहर मर्यादित हार्मोनिकांनी बनवलीत की तिच्या उड्यांच्या काठावर शिंगं येतात. उडीच्या साधारण नऊ टक्के. ती चूक नाही, गणिताचाच भाग आहे. पण त्यामुळे लहरीचं टोक कमाल मर्यादेच्या बाहेर जाऊ शकतं. म्हणून हार्मोनिक कापून झाल्यावर पातळी पुन्हा बसवायची.

तिसरा मार्ग रेकॉर्ड केलेल्या आवाजातून एक आवर्तन उचलण्याचा. मन सगळ्यात जास्त रमतं ते इथेच.

गळ्यातून एक आवर्तन

‘आ’ असा स्वर ११० हर्ट्झच्या आसपास, चार-पाच सेकंद, कंप न देता सरळ लावा. ट्यूनर समोर ठेवा. तोंड माइकपासून वीतभर लांब, खोलीत प्रतिध्वनी जितका कमी तितका बरा. ४८,००० वर रेकॉर्ड केलंत तर एका आवर्तनाचे ४३६ च्या जरा वर बिंदू भरतील.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इतकं झूम करा की रेषेऐवजी सुटे ठिपके दिसू लागतील. आता आवाजाच्या मधल्या, स्थिर भागात जा. दिसेल असं: एक उंच टेकडी, तिच्यामागे दोन-तीन लहान टेकड्या, मग पुन्हा तशीच उंच टेकडी. एका उंच टेकडीपासून दुसऱ्या उंच टेकडीपर्यंत एक आवर्तन. टेकडीच्या माथ्यावर कापायचं नाही. तिच्या आधी लहर शून्य रेषा खालून वर ओलांडते तिथे कापायचं, आणि पुढच्या आवर्तनातही अगदी त्याच ठिकाणी. झेड हे बटण जवळचं शून्य शोधून देतं, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. गळ्याच्या आवाजात एकाच आवर्तनात लहर शून्य रेषा सहा-आठ वेळा ओलांडते. चुकीचं शून्य धरलंत तर आवर्तनाला कधी एक टेकडी जास्त येते, कधी एक कमी.

अजून एक अडचण: आवर्तन ४३६ बिंदूंचं नसून ४३६.३६ बिंदूंचं आहे. यासाठी मी आधी ट्रॅक आठपट रेटवर, म्हणजे ३,८४,००० वर, रिसॅम्पल करून घेतो (तोच आवाज, बिंदूंची संख्या वेगळी). मग तेच आवर्तन ३,४९१ बिंदूंचं होतं आणि कापण्यातली चूक आठपटीने लहान होते.

आता ते २५६ बिंदूंवर आणायचं. इथे एक खुबी आहे. कापलेलं एकटं आवर्तन रिसॅम्पल केलं, तर सॉफ्टवेअर समजतं की त्याच्या आधी आणि नंतर शांतता आहे, आणि दोन्ही कडा वाकड्या होतात. नेमका सांधाच बिघडतो. म्हणून आवर्तनाच्या पाच प्रती एकामागोमाग चिकटवा. १७,४५५ बिंदू झाले. हा पूर्ण तुकडा १,२८० बिंदूंवर आणा आणि त्यातलं मधलं, ५१२ ते ७६७ पर्यंतचं आवर्तन कापून घ्या, मोजणी शून्यापासून. शेजारी खऱ्या प्रती असल्यामुळे मधल्या आवर्तनाच्या कडा जशाच्या तशा राहतात. प्रोग्रॅमिंग येत असेल तर फूरिये रूपांतर (लहरीची हार्मोनिकांत फोड) करून पहिले १२७ हार्मोनिक ठेवणं आणि त्यातून २५६ बिंदू परत काढणं आणखी स्वच्छ. एक मात्र कधी करू नका: प्रत्येक आठवा बिंदू उचलून बाकीचे टाकून देणं. वरचे हार्मोनिक त्याने जात नाहीत, खाली दुमडून भलत्याच जागी येऊन बसतात.

घंटेसारखा आवाज या पद्धतीने पकडता येत नाही, हेही सांगून ठेवतो. तिची उपस्वरं मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे तिचं आवर्तन पुन्हा तसंच येत नाही. एक तुकडा कापलात तर कसलीशी लहर मिळेल, पण घंटा नाही.

सांधा

सुरुवातीच्या काळात माझ्या प्रत्येक लहरीत एक बारीक, काचेसारखी खरखर असायची. केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, सिंथच्या कन्व्हर्टरलाही दोष देऊन झाला. शेवटी सगळ्यात साधी गोष्ट केली: एक शुद्ध साइन लहर बनवून तिचे आकडे एकेक करून वाचले. २५६ बिंदू. पहिला शून्य. शेवटचाही शून्य. तिथेच चूक होती.

लहर शून्यापासून सुरू होऊन शून्यावर संपली पाहिजे असं मी धरून चाललो होतो. पण शेवटच्या बिंदूनंतर लगेच पहिला बिंदू येतो. दोन्ही शून्य, म्हणजे शून्य दोनदा वाजतं, आणि प्रत्येक फेरीत एक बिंदूभर लहर थबकते. तालाच्या आवर्तनात सम एकदाच मोजतात. सोळा मात्रा झाल्या की सतरावी नसते, पुन्हा पहिलीच येते. लहरीचंही तसंच. २५६ बिंदूंच्या, १६ बिटच्या साइन लहरीत पहिला बिंदू शून्य असेल तर शेवटचा शून्य नसतो, तो उणे ८०४ असतो. तिथून पुढचं पाऊल शून्यावर, म्हणजे पहिल्या बिंदूवर पडतं. हा एक आकडा दुरुस्त केल्यावर खरखर गेली.

तुमची लहर तपासायची सोपी रीत: तिच्या दोन प्रती शेजारी ठेवा आणि जोडावर झूम करा. जोड कुठे आहे हे माहीत नसताना तो सापडता कामा नये. ठिपक्यांमधली उतरण जोडाच्या अलीकडे जशी आहे तशीच पलीकडे हवी. उंचीत थोडा फरक राहिला असेल, तर तो सगळ्या आवर्तनावर वाटून द्या: शेवटाकडे फरक जितका, तितकी सरळ उतरती रेषा लहरीतून वजा करा. दोन-तीन टक्क्यांचा फरक असा बेमालूम मिटतो. त्याहून मोठा असेल तर कापण्याची जागाच चुकली आहे, परत मागे जा.

त्यानंतर डीसी ऑफसेट काढा, म्हणजे सगळ्या बिंदूंची बेरीज शून्य येईल असं करा. तो राहिला तर नुसत्या धरलेल्या स्वरात कळत नाही. पण एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारा भाग) उघडताना आणि मिटताना धप्प असा आवाज येतो, आणि डिस्टॉर्शन एकाच बाजूला झुकतं. पातळी बसवणं सगळ्यात शेवटी.

अनेक आवर्तनांचं वेव्हटेबल

वेव्हटेबल ही कल्पना वोल्फगांग पाम यांनी पीपीजी या त्यांच्या कंपनीच्या यंत्रांमधून रुजवली. १९८१ मध्ये आलेल्या पीपीजी वेव्ह २ नंतर ती घराघरांत नाही तरी स्टुडिओंत पोचली. लहरींची एक रांग, आणि एन्व्हलप किंवा एलएफओ (अगदी संथ ऑसिलेटर) त्या रांगेतून फिरतो.

गळ्याचंच उदाहरण पुढे नेऊ. ‘आ’ पासून ‘ऊ’ पर्यंत चार सेकंदांत हळूहळू ओठ मिटत जा, स्वर मात्र ११० वरच ठेवा. त्यात साधारण ४४० आवर्तनं येतात. ६४ हवी असतील तर अंदाजे दर सातवं आवर्तन उचला. नोव्हेशन पीकसारख्या यंत्रात वेव्हटेबल पाचच लहरींचं असतं. तिथे आवाजात खरा फरक पडतो अशा पाच जागा कानाने निवडा, समान अंतरावरच्या नकोत.

सगळी आवर्तनं एकाच फेजमध्ये असणं, म्हणजे लहरीच्या एकाच टप्प्यापासून सुरू होणं, इथे सांध्याइतकंच महत्त्वाचं. एका लहरीत साइन वर जात सुरू होते आणि पुढच्या लहरीत खाली जात, असं असेल, तर दोघांच्या बरोबर मध्ये यंत्र त्यांची सरासरी काढतं आणि ती येते शून्य. फिरवताना आवाज मध्येच पातळ होतो, एखाद्या ठिकाणी चक्क नाहीसा होतो. यासाठी प्रत्येक आवर्तन पुढे-मागे सरकवून पहिल्या हार्मोनिकाची फेज सगळीकडे एकच करा. आवर्तन गोलाकार आहे, म्हणून सरकवताना एका बाजूने बाहेर गेलेले बिंदू दुसऱ्या बाजूने आत आणायचे. सरकवण्याचं हे काम कंटाळवाणं आहे, पण सिरम आणि वायटल यांसारख्या सॉफ्टवेअर सिंथच्या वेव्हटेबल एडिटरमध्ये फेज जुळवण्याची सोय असते. लहरी तिथे तयार करून मग हार्डवेअरसाठी बाहेर काढणं हा अगदी चांगला रस्ता आहे.

पातळी प्रत्येक आवर्तनाची वेगळी बसवायची की सगळ्यांची एकत्र? टोकाची उंची प्रत्येकाची समान केली, तर टोकदार लहरी कानाला बारीक लागतात आणि गोल लहरी मोठ्या. मी सगळ्यांची सरासरी ऊर्जा सारखी करतो आणि मग सगळ्यात उंच टोक मर्यादेत येईल इतकी पूर्ण रांग एकदम खाली आणतो.

फाइल

मोनो, १६ बिट पीसीएम, वेव्ह. यंत्राने दुसरं काही मागितलं असेल तरच वेगळं.

ऑडॅसिटी निर्यात करताना डिदर म्हणजे हलकासा गोंगाट मिसळते. गाण्यासाठी ते योग्य, पण इथे तो गोंगाटही आवर्तनात गोठून सतत वाजत राहतो. सेटिंगमध्ये गुणवत्तेच्या पानावर डिदर बंद करा. गाण्याचं नाव, कलाकार वगैरे टॅगही रिकामे ठेवा; काही यंत्रांना फाइलीतली ही जादा माहिती पचत नाही.

मग फाइलीचा आकार बाइटमध्ये बघा. माझा सगळ्यात विश्वासाचा तपास हाच. वेव्ह फाइलीचं साधं शीर्षक ४४ बाइटचं, आणि १६ बिटचा प्रत्येक बिंदू दोन बाइटचा. २५६ बिंदूंची मोनो फाइल म्हणजे ५५६ बाइट. ६४ आवर्तनांची वेव्हएडिटची फाइल म्हणजे ३२,८१२. आकडा साधारण दुप्पट दिसला तर फाइल स्टीरिओ झाली आहे. दोन बाइट जास्त, तर एक बिंदू जादा आला आहे, बहुधा तोच शेवटचा शून्य.

आत चढवणं

आधी सिंथमधल्या सगळ्या पॅचचा (साठवलेल्या आवाजांच्या सेटिंगचा) आणि वापरात असलेल्या वेव्हटेबलांचा बॅकअप घ्या. पॅचमध्ये लहर साठवलेली नसते, फक्त तिच्या जागेचा क्रमांक असतो. त्या जागेवर नवी लहर बसवलीत की ती जागा वापरणारे सगळे जुने पॅच त्याच क्षणी बदलतात. कोणत्या जागेत काय आहे याची यादी वहीत ठेवा.

कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर पुढचं काम सोपं: फाइल ओढा, जागा निवडा, पाठवा. त्याआधी फर्मवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही अद्ययावत आहेत ना, तेवढं बघा. लिहून होईपर्यंत वीज किंवा केबल काढू नका.

सिस-एक्सला थोडी जास्त सबुरी लागते. मिडीच्या संदेशात प्रत्येक बाइटचे सातच बिट वापरता येतात, म्हणून मोठा आकडा तुकड्यांत जातो. ब्लोफेल्ड प्रत्येक बिंदूसाठी तीन बाइट घेतो. १२८ बिंदूंचे ३८४ बाइट, वर शीर्षक, नाव आणि चेकसम (तपासणीचा आकडा) मिळून एका आवर्तनाचा संदेश ४१० बाइटचा. असे ६४ संदेश, म्हणजे २६,२४० बाइट. जुन्या पाच टोकांच्या मिडी केबलमधून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, तेव्हा जवळजवळ साडेआठ सेकंद तरी लागणारच. यूएसबीने पाठवताना संगणक हे सगळं एका झटक्यात ओतू बघतो आणि यंत्राला गिळायला वेळ मिळत नाही. मधली काही आवर्तनं हरवतात. विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर सिसएक्स लायब्रेरियन वापरत असाल, तर दोन संदेशांमध्ये थांबा ठेवा. मी १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करतो. शिवाय डिव्हाइस आयडी जुळतो का आणि मेमरी प्रोटेक्ट बंद आहे का, हे बघा. संदेश गेला आणि यंत्राने हूं की चूं केलं नाही, तर बहुतेक वेळा अडचण या दोनपैकी एका ठिकाणी असते.

कष्टाने बनवलेली लहर पहिल्यांदा पाठवूच नका. आधी एक चाचणीचं वेव्हटेबल पाठवा: पहिल्या आवर्तनात फक्त पहिला हार्मोनिक, दुसऱ्यात पहिले दोन, तिसऱ्यात पहिले तीन, असं शेवटपर्यंत. पहिल्या जागी शुद्ध साइन ऐकू आली पाहिजे आणि रांगेतून पुढे जाताना आवाज पायरी-पायरीने उजळत गेला पाहिजे. साइनमध्ये खरखर असेल तर सांधा बघा. नुसता गोंगाट आला तर बिट किंवा बाइटचा क्रम चुकला आहे. मध्येच एखादी पायरी गाळली गेली तर संदेश हरवला आहे, थांबा वाढवा. ही चाचणी पास झाली की वाटेतलं सगळं बरोबर आहे, आणि यापुढे काही बिघडलं तर ते लहरीतच बिघडलेलं असणार.

ऐकताना

फिल्टर पूर्ण उघडा, इफेक्ट आणि युनिसन बंद करा, एकच ऑसिलेटर ठेवा. रिव्हर्बमध्ये सगळंच गोड लागतं. सी २ दहा सेकंद धरा, मग सी ४, मग सी ६. सॅम्पलर गटातलं यंत्र असेल तर ट्यूनरही समोर ठेवा.

गळ्याची लहर वर नेली की ‘आ’ चा ‘आ’ राहत नाही. ‘आ’ सारख्या स्वराची ओळख हार्मोनिकांच्या पातळीतल्या ज्या उंचवट्यांवर अवलंबून असते ते खऱ्या गळ्यात जवळजवळ स्थिर राहतात, आणि इथे सगळी लहरच वेगाने फिरत असल्यामुळे तेही वर सरकतात. ते टाळायचं तर ११०, २२० आणि ४४० हर्ट्झला वेगवेगळे ‘आ’ रेकॉर्ड करा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांनुसार वाटून द्या.

सगळ्यात वरच्या पट्ट्यांमध्ये स्वराच्या खालून एखादी परकी शिट्टी ऐकू येत असेल, पट्टी चढत गेल्यावर ती उलट खाली उतरत असेल, तर ते एलियासिंग आहे. सी ७ म्हणजे २,०९३ हर्ट्झ, आणि ४४,१०० वर तिथे जेमतेम दहा हार्मोनिक मावतात. बाकीचे खाली दुमडतात. चांगली नवी यंत्रं वर जाताना हार्मोनिक आपोआप कमी करत जातात. तुमचं करत नसेल, तर त्याच लहरीच्या आणखी दोन प्रती बनवा, एक पहिल्या २० हार्मोनिकांची सी ६ पर्यंतच्या सप्तकासाठी, दुसरी पहिल्या १० ची त्यावरच्या सप्तकासाठी, आणि त्या शेजारच्या जागांमध्ये बसवा. हार्मोनिक कमी केले की पातळी बदलते. तिन्ही प्रतींची ऊर्जा एकसारखी करून घ्या, नाहीतर पट्टी ओलांडताना आवाज उडी मारेल.